एक हसिफ, सुया चार

स्टेथ्सच्या बोळात दोन माणसं समोरासमोर आली
की एकाला भिंतीला चिकटावं लागतं.
चॅपलचा कारभारी जोसाया अनथँक चिकटला नाही.
हेप्झिबा व्हेरिल चिकटली, डोक्यावर शिंपल्यांची टोपली,
झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पोटऱ्यांना ओली वाळू.
नवरा दोन वर्षांपूर्वी बुडालेला, पोरगा जहाजावर,
आणि काल रात्री म्हणे तिच्या घरातून
हसण्याचा आवाज आला.

"हसी," तो म्हणाला. फार मोठ्यानं नाही.
धक्क्यावर मासे उतरवणाऱ्यांना ऐकू जाईल एवढंच.

आपल्या कानाला हा शब्द हसऱ्या पोरीसारखा लागतो.
तिथं तो थुंकीसारखा पडतो.

बाईचं कूळ काढतात, तसं या शब्दाचं काढू या.
फार जुन्या इंग्रजीत तो होता हूसविफ.
हूस म्हणजे घर, विफ म्हणजे बाई.
घराची बाई. किल्ल्या जिच्या कमरेला,
डब्याला नुसतं बोट वाजवून
आत किती पीठ उरलंय ते सांगणारी.
टोपी काढून उच्चारावा असा शब्द.
मग हजार तोंडांतून, घाईघाईत,
उंबरठा झिजतो तसा तो झिजला.
'व' गळाला.
'फ' गळाला.
'हू' आखडून 'ह' झाला,
आणि उरलेल्या तुकड्याकडे बघून कुणीतरी
(कोण, ते कुठल्याच वहीत नाही)
डोळा मिचकावला.
घर भिंतींसकट गेलं. बाई उघड्यावर.

त्यांना हसण्यात अर्थ नाही.
सहाव्या रात्री कपाळावर लिहून जाते ती सटवाई,
तिला आपणच नळावरच्या भांडणात ओढून सटवी केली.
आणि "आली भवानी" म्हणताना
हात कुठं जोडलेले असतात आपले?

पण त्याच शब्दाचं एक पोर समुद्रावर गेलं.
खलाशाच्या पिशवीत कापडाची एक गुंडाळी असायची:
सुया, दोरा, गुंड्या, मेणाचा खडा.
तिलाही 'घराची बाई'च म्हणायचे, बोलीत हसिफ.
इथं 'फ' शाबूत.
मिठातलं टिकतं, तसा टिकला असेल.

आयझॅकची हसिफ हेप्झिबानं शिवली होती
आपल्याच निळ्या ॲप्रनचा फाटका भाग टाकून.
नाव घालायला तिला अक्षरं येत नव्हती,
म्हणून कोपऱ्यात एक मासा काढला.
तो बटाट्यासारखा दिसत होता. आयझॅक पोट धरून हसला होता.

ऑक्टोबरात पत्र आलं, रिगाहून परतणाऱ्या जहाजाचं.
ताप. तीन दिवस.
बोळात वाचता येणारे दोघेच, त्यातला एक प्यालेला.
म्हणून अनथँक तिच्या टेबलाशी बसला,
दारात शेजारणी, हातांना खवले चिकटलेले.
मृताच्या वस्तू, कारकुनी अक्षरात:
बूट, एक जोड.
लोकरी मोजे, दोन, पैकी एक विरलेला.
तंबाखूची डबी, रिकामी.
एक हस—

तो थांबला.
चष्मा पुसला, तो पुसायची गरज नव्हती.
शब्द तोच. शेवटी एक 'फ' तेवढा जास्तीचा,
पडक्या घराची मागची भिंत उभी राहावी तसा.
कुणी खोकलंसुद्धा नाही.

"वाचा ना," हेप्झिबा म्हणाली.

"हसिफ," त्यानं हळू वाचलं.
टोपी आधीच गुडघ्यावर होती,
काढायला दुसरं काही नव्हतं.
"सुयांसकट."

"सुया किती?"

"चार."

"मी पाच दिल्या होत्या,"
ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच खाली बसली.
"एक मोडली म्हणजे.
शिवत होता तर."